सब्राचा सल्ला, कोचचं पॅकेज आणि थेरपीची लाज

माझी एक मैत्रीण आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, कोंढव्यात राहते, नोकरी करते. नवरा मारत नाही, दारू पीत नाही, पाच वक्त नमाजी आहे. पण एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली की तो बोलणं बंद करतो. कधी चार दिवस, कधी पंधरा. ताट वाढलं की जेवतो, ताट सरकवतो आणि उठून जातो. रात्री तिचा फोन तपासतो. तिने आधी अम्मीला सांगितलं. अम्मी म्हणाली, "सब्र कर बेटा, मर्द असेच असतात." मग मावशीने एका आमिलकडे नेलं. त्याने नजर लागल्याचं सांगून तावीज दिला. शेवटी तिला इन्स्टाग्रामवर एक 'निकाह कोच' सापडली. सहा आठवड्यांचा कोर्स, पैसे आगाऊ. दर आठवड्याला गृहपाठ: नवऱ्याला आवडेल ते घाला, त्याला उलट प्रश्न विचारू नका, रोज रात्री त्याच्या दहा चांगल्या गोष्टी वहीत लिहा.

तिने सगळं केलं. चौथ्या आठवड्यात तिची झोप उडाली. ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडायला लागली. तसं कोचला कळवलं तर उत्तर आलं: तुम्ही यकीनने करत नाही आहात, म्हणून फरक पडत नाही.

अम्मीचा सब्र फुकट होता, कोचचा विकत मिळाला. सल्ला तोच.

नात्यात अडचण आली तर कोचकडे जावं की थेरपिस्टकडे, हा प्रश्न आपल्याकडे अजून आवडीनिवडीचा समजला जातो. जिम लावावी की योगा करावा, तसा. मला तो जबाबदारीचा प्रश्न वाटतो. आपलं मन आपण कोणाच्या हाती देतोय? त्याला ते काम येतं का? आणि त्याचं चुकलं तर त्याला जाब कोण विचारणार? या तीन प्रश्नांची उत्तरं न घेता पैसे भरणाऱ्या तरुण मुलामुलींची संख्या आपल्यात वाढते आहे. आणि त्याबद्दल गप्प बसणाऱ्यांत आपल्या चळवळीही आहेत.

कोचिंग कशासाठी, थेरपी कशासाठी

आधी एक कबूल करते. कोचिंग म्हणजे फसवणूक, असं मला म्हणायचं नाही. कोचिंग गृहीत धरतं की माणूस मुळात ठीक आहे, त्याला कुठे जायचंय ते ठरवायला आणि तिथवर पोहोचायला मदत हवी आहे. ध्येय ठरवणं, सवय लावणं, बोलण्याची रीत शिकणं, दर आठवड्याला आढावा घेणं, हे त्याचं काम.

कोकणातलं एक जोडपं घ्या. चिपळूणची मुलगी, नवरा दम्मामला. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय: निकाह झाला, दोन महिने सोबत, मग विमान. भांडण कशावरून? पगारातले किती आईला पाठवायचे, किती बायकोच्या खात्यात. फोन कधी करायचा. तो ड्युटीवरून थकून आलेला असतो तेव्हाच हिला सगळं सांगायचं असतं. दोघांची एकमेकांवर माया आहे, दोघांना मार्ग हवा आहे, कोणी कोणाला भीत नाही. अशा जोडप्याला चांगला कोच खरोखर उपयोगी पडेल. पैशाचा हिशेब कसा ठेवायचा, आठवड्यातून एक फोन फक्त तक्रारींसाठी कसा राखायचा, रागात असताना काय बोलायचं नाही, हे शिकवता येतं आणि शिकताही येतं. घरातला समंजस चाचाही हे काम करू शकेल. निकाहाआधीच्या तयारीसाठी तर कोचिंग फार चांगलं.

थेरपीची सुरुवात वेगळ्या ठिकाणी होते. इथे दुखतंय काय आणि तेच भांडण पुन्हा पुन्हा का येतं, हे आधी शोधलं जातं. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याचं मौन घ्या. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षं जोडप्यांच्या भांडणांचं निरीक्षण केलं आणि नात्याला घातक अशा चार सवयी सांगितल्या: माणसाच्या स्वभावावरच टीका करणं, तुच्छ लेखणं, सतत स्वतःचा बचाव करणं आणि भिंतीसारखं गप्प होणं. हे भिंतीसारखं गप्प होणं दोन प्रकारचं असू शकतं. एखाद्या माणसाची छाती भांडणात इतकी धडधडते की तोंडातून शब्द फुटत नाही. लहानपणी अब्बूंचा आवाज चढला की तो पलंगाखाली लपत होता, आज तो शांततेत लपतो. दुसरा माणूस मौनाचा चाबूक करतो. बायको नाक घासत येईपर्यंत बोलायचं नाही, हे त्याने ठरवलेलं असतं. बाहेरून दोन्ही मौनं सारखीच दिसतात. पहिल्याला उपचार हवा, दुसऱ्याला मर्यादा हवी. कोणतं मौन कोणतं, हे ओळखायला शिक्षण लागतं. 'दहा चांगल्या गोष्टी लिहा' हा गृहपाठ पहिल्याला बरं करत नाही, आणि दुसऱ्याला तर बक्षीसच देतो.

चांगले कोच हे जाणतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर कोचची संघटना १९९५ साली स्थापन झाली. गरज कोचिंगच्या पलीकडची असेल तर माणसाला योग्य तज्ज्ञाकडे पाठवावं, हे त्या व्यवसायाच्या आचारसंहितेतच येतं. पण आचारसंहिता पाळते संघटनेचा सदस्य असणारी व्यक्ती, तीही पाळली तर. भारतात कोच होण्यासाठी कोणताही कायदा कोणतीही पात्रता मागत नाही. उद्या सकाळी मी किंवा तुम्ही प्रोफाइलवर 'मॅरेज कोच' लिहिलं तर कोणी अडवणार नाही.

थेरपीच्या बाजूला चित्र अगदी स्वच्छ आहे असंही नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, त्याची वैद्यकीय नोंदणी असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे होते, त्याचा कायदा १९९२ चा आहे. पण नुसता 'काउन्सेलर' किंवा 'थेरपिस्ट' असा फलक लावणाऱ्यांत मानसशास्त्रात एम.ए. केलेले आहेत, एमएसडब्ल्यू आहेत आणि शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स केलेलेही आहेत. म्हणून थेरपिस्टलाही प्रश्न विचारायचेच. तरी फरक उरतो. नोंदणी असेल तर तक्रार करायला जागा असते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतो. जीवाला धोका असल्यासारखे अपवाद सोडले तर आत बोललेलं बाहेर जात नाही. याउलट कित्येक कोचच्या पेजवर काय दिसतं? 'माझ्या एका सिस्टरचा मेसेज' म्हणून क्लायंटच्या चॅटचे स्क्रीनशॉट. नाव झाकलेलं असतं, पण गल्ली ओळखते. ज्या समाजात एका मुलीच्या घरची गोष्ट फुटली की तिच्या धाकट्या बहिणीचा रिश्ता अडतो, त्या समाजात ही जाहिरात किती महाग पडते ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

दीनचं नाव पुढे करणाऱ्यांना

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला: थेरपी ही पश्चिमेची गोष्ट, आपल्याकडे नमाज आहे, दुआ आहे, ईमान पक्कं असेल तर डिप्रेशन येत नाही.

अबू जैद अल-बल्खी हे नाव आपल्या मदरशांत आणि कॉलेजांत सांगायला हवं. इ.स. ९३४ मध्ये वारलेल्या या विद्वानाने शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. शरीर आजारी पडतं तसं मनही पडतं, भीती, राग, उदासी आणि सारखे येणारे नकोसे विचार यांवर उपाय करता येतो, असं त्याने हजार वर्षांपूर्वी मांडलं. कैरोत सुलतान कलावूनने १२८४ मध्ये उभारलेल्या बीमारिस्तानात मनाच्या आजाराचे रुग्णही ठेवले जात. त्या काळच्या मुसलमानांनी उपचारासाठी इमारत बांधली. आपण आज 'येरवड्याला पाठवा' म्हणून हसतो. यातलं परकं कोणतं, ते तुम्हीच ठरवा.

दुसरा आक्षेप: घर की बात घर में. मियाँ-बीवीचं भांडण बाहेरच्यासमोर मांडायचं नाही. सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत मात्र नवरा-बायकोत फूट पडण्याची भीती असेल तर एक मध्यस्थ त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमावा, असं सांगितलंय. म्हणजे गोष्ट बाहेर काढायला परवानगी आहे, आणि तिच्या बाजूनेही बोलणारा कोणी असलाच पाहिजे ही अट आहे. आपल्या मोहल्ल्यातली बैठक आठवा. सतरंजीवर सात पुरुष, चहा, आणि मुलगी आतल्या खोलीत दाराआड. तिला विचारायला कोण जातं? निरोप घेऊन तिचीच अम्मी येते: हो म्हण, अब्बूंची इज्जत आहे.

हदीसच्या किताबांत बरीरा यांचा किस्सा आहे. गुलामीतून मुक्त झाल्यावर त्यांना नवऱ्यासोबत, मुगीस यांच्यासोबत, राहायचं की नाही हे निवडण्याचा अधिकार मिळाला. त्यांनी नाही म्हटलं. मुगीस मदीनेच्या गल्ल्यांतून त्यांच्यामागे रडत फिरत, दाढी आसवांनी भिजे. प्रेषितांना (स.) त्यांची दया आली. त्यांनी बरीरा यांना सुचवलं की परत गेलात तर बरं होईल. बरीरा यांनी विचारलं, हा हुकूम आहे का? उत्तर मिळालं की नाही, ही फक्त शिफारस आहे. बरीरा म्हणाल्या, मग मला नको. त्यांना कोणी ईमानची कमी दाखवली नाही, कोणी यकीनचा टोमणा मारला नाही.

आता ही गोष्ट त्या कोचच्या उत्तराशेजारी ठेवा. सल्ला आणि हुकूम यांच्यातली जी रेषा प्रेषितांनी ओलांडली नाही, ती सहा आठवड्यांचं पॅकेज विकणारी व्यक्ती बिनदिक्कत ओलांडते. 'अल्लाहला हे आवडतं' असं म्हणत स्वतःची पद्धत लादते, आणि पद्धत फसली की दोष तुमच्या ईमानवर ढकलते. चांगल्या थेरपीत रेषा पाळली जाते. थेरपिस्ट 'तलाक घे' म्हणत नाही, 'राहा' असंही म्हणत नाही. निर्णय तुमचा असतो. तो घेता येईल इतकं मन शांत करणं, एवढंच तिचं काम.

भाऊ लोकांसाठी चार शब्द

ही फक्त मुलींची गोष्ट नाही. बायको रागावून माहेरी गेली की मुलगा कोणाकडे जातो? दोस्तांकडे. दोस्त त्याला रील पाठवतात: मर्द बन, कंट्रोल ठेव, दोन दिवस फोन उचलू नको. हेही कोचिंगच. त्यामागेही कोर्स असतो, आणि शिकवण एकच असते: नरम पडलास की हरलास. रात्री अडीच वाजता छाताडावर दगड ठेवल्यासारखा जागा असलेला पोरगा स्वतःला अल्फा म्हणवत घेतो आणि सकाळी बाइक काढून कामाला जातो. भाई, तुला झोप येत नाही, जेवण जात नाही, नमाजमध्ये मन लागत नाही, 'मेलो तर बरं' असं वाटतं, तर तुला कोच नको, उपचार हवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. फोन लावल्याने मर्दानगी जात नाही.

जिथे भीती आहे तिथे दोन्ही नको

ही गोष्ट मी सर्वांत ठामपणे सांगते. घरात हात उचलला जात असेल, धमकी असेल, पैसे किंवा बाहेर जाणं रोखलं जात असेल, तर कपल कोचिंग नको आणि जोडीने घ्यायची थेरपीही नको. नवऱ्याशेजारी बसून ती खोलीत जे खरं बोलेल, त्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. तिथे आधी सुरक्षा, मग कायदा, आणि तिच्यासाठी स्वतंत्र समुपदेशन.

२००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. मुस्लिम पर्सनल लॉ त्याच्या आड येत नाही. शारीरिक हिंसेसोबत शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही त्यात धरला आहे. या कायद्याखाली न्यायालय समुपदेशन सांगू शकतं, पण त्याच्या नियमांत एक फार शहाणी अट आहे: समुपदेशनात नवऱ्याला हिंसेचं समर्थन करता येणार नाही. 'तिने तोंड चालवलं म्हणून हात उठला' हे वाक्यच तिथे ऐकून घ्यायचं नाही. आपल्या बैठकींत पहिलं वाक्य तेच असतं. मुंबईत १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांसोबत स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. आज महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांत असे कक्ष आहेत, तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात. महिला हेल्पलाइन १८१ आहे. हे पत्ते प्रत्येक मुलीच्या फोनमध्ये असावेत, मग तिचा नवरा कितीही चांगला असो.

आपलाही हिशेब

कोच का चालतात, याचं खरं उत्तर आपल्याला टोचेल. ते आपल्या भाषेत बोलतात. सलामने सुरुवात करतात, सासू-नणंद समजतात, निकाह म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागत नाही. उलट एखादा थेरपिस्ट हिजाब पाहूनच ठरवतो की ही दबलेली असणार, आणि पहिल्याच भेटीत 'मग सोडत का नाही?' असं विचारतो. फी एका भेटीची इतकी की बीड-परभणीच्या घराला परवडणार नाही. त्यातून चांगले लोक मुंबई-पुण्यात, आणि बोलणार इंग्रजीत. ही तक्रार खरी आहे. पण डॉक्टर महाग आहे म्हणून कंपाउंडरकडून ऑपरेशन करून घेणं हा तिच्यावरचा उपाय नाही. आपल्यातले डॉक्टर घडवणं हा उपाय आहे.

१८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेला. २२ मार्च १९७० ला मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं. तोंडी तलाकच्या विरोधात अर्धं शतक भांडण चाललं, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, २०१९ मध्ये कायदा झाला. कायद्यातल्या शिक्षेबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते असू देत. पण एवढ्या वर्षांत आपण बोललो ते लग्न कसं मोडतं याबद्दल. ते रोज कसं जगलं जातं, याबद्दल फार थोडं बोललो. कायदा तलाक थांबवू शकतो, दस्तरख्वानवरचं पंधरा दिवसांचं मौन तोडू शकत नाही. कुटुंब न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा, असं १९८४ चा कायदा सांगतो आणि तिथे समुपदेशकही असतात. पण त्या टेबलापर्यंत पोहोचलेली जोडपी वकील करून आलेली असतात. त्याच्या पाच वर्षं आधीची जागा आपण मोकळी सोडली, आणि बाजार तिथे येऊन बसला.

म्हणून मागण्या साध्या आहेत. आपल्या शिष्यवृत्त्या इंजिनिअरिंग-मेडिकलपुरत्या ठेवू नका, मानसशास्त्र आणि समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींनाही द्या. जमातच्या हॉलमध्ये महिन्यातून दोन दिवस नोंदणीकृत समुपदेशकाला बसवा, फीचा भार सदक्याच्या पैशातून उचला. बैठकीत मुलीच्या बाजूने एक बाई बसेल, याशिवाय बैठक भरवू नका. निकाह हा करार आहे, त्यात अटी घालता येतात. निकाहनाम्यात एक ओळ घाला: दोघांपैकी कोणालाही उपचार किंवा समुपदेशन घ्यावंसं वाटलं तर दुसरा अडवणार नाही, आणि वेगळं होण्याआधी दोघं किमान काही भेटी समुपदेशकाकडे जातील, जिवाला धोका असेल तर ही दुसरी अट लागू नाही. मेहरच्या रकमेवर दोन तास वाटाघाटी करणाऱ्या वडीलधाऱ्यांना या ओळीसाठी पाच मिनिटं काढता येतील.

निवडताना

स्वतःला तीनच प्रश्न विचारा. मला त्याची किंवा तिची भीती वाटते का? असेल तर आधी सुरक्षा आणि कायदा. माझी झोप, भूक, काम बिघडलंय का, जुनी जखम उघडते आहे का, व्यसन आहे का, मरणाचे विचार येतात का? असेल तर थेरपी. दोघं ठीक आहोत, दोघांना सुधारायचंय, आणि अडचण नेमकी सांगता येते? मग कोच चालेल.

आणि समोर कोणीही बसलेलं असो, पैसे देण्याआधी विचारा: तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठे आहे? माझं बोलणं कोणापर्यंत जाईल? मधेच थांबले तर उरलेले पैसे परत मिळतील का? कोणत्या परिस्थितीत तुम्ही मला दुसरीकडे पाठवाल? शेवटच्या प्रश्नाला 'तशी वेळ येणार नाही' असं उत्तर आलं तर उठून या.

माझ्या मैत्रिणीने कोर्स अर्धवट सोडला. पैसे परत मिळाले नाहीत. आता ती एका समुपदेशक बाईंकडे एकटीच जाते, दर पंधरा दिवसांनी, उर्दू-मराठी मिसळून बोलते. नवरा अजून यायला तयार नाही. लग्न टिकेल की नाही, तिला माहीत नाही. परवा म्हणाली, "त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही. फक्त विचारलं, तुला काय वाटतं. दोन वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं."

तुमच्या ओळखीतली एखादी मुलगी किंवा मुलगा हे सगळं सांगायला तुम्हाला फोन करेल. तेव्हा सब्राचा सल्ला देण्याआधी आणि रीलची लिंक पाठवण्याआधी तोच प्रश्न विचारा. मग नंबर द्या, आणि पहिल्या भेटीला सोबत जा.